आवाज हीसुद्धा अमानत आहे

बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी जन्मलेल्या महबूब हुसेन पटेल यांना महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. त्यांच्या पहाडी आवाजाने कामगारांच्या लढ्यापासून संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपर्यंत मैदानेच्या मैदाने हलवली. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात त्यांचा इंतकाल झाला. आम्हा सोलापूरकरांना त्यांचा अभिमान आहे आणि म्हणूनच एक भीतीही वाटते. उद्या कुणी संगणकावर त्यांचा आवाज तयार केला आणि निवडणुकीच्या दिवसांत विजापूर वेशीत एखाद्या पक्षाचे प्रचारगीत त्या आवाजात वाजू लागले, तर? ‘हे मी गायलेलो नाही’ असे सांगायला शाहीर उठून येणार नाहीत.

ही भीती उगाच नाही. २०२४ साली ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गाण्यासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने पुन्हा उभे केले. त्यांपैकी शाहुल हमीद १९९७ मध्ये गेले होते आणि बंबा बक्या २०२२ मध्ये. दोन्ही कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदलाही दिला, असे रहमान यांनी जाहीर केले. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज परवानगीशिवाय वापरल्याबद्दल त्यांच्या मुलाने एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना कायदेशीर नोटीस पाठवली.

कलावंताच्या मृत्यूनंतर गाणे बाहेर येणे नेहमीच गैर असते, असे आम्ही म्हणत नाही. मोहम्मद रफी ३१ जुलै १९८० रोजी मुंबईत वारले. त्यांनी अखेरच्या दिवसांत ‘आस पास’ चित्रपटासाठी गायलेली गाणी पुढच्या वर्षी, १९८१ मध्ये लोकांनी ऐकली. रफीसाहेबांनी ती स्वतः, लोकांसाठीच गायली होती. ती पोहोचवणे म्हणजे त्यांचे काम पूर्ण करणे. पण कलावंताने रियाजात गुणगुणलेले, स्वतःला न पटल्याने बाजूला ठेवलेले काही असेल, तर ती त्याची खासगी गोष्ट. पेटीत सापडले म्हणून ते बाजारात नेण्याचा हक्क मिळत नाही. आणि जे त्याने गायलेच नाही, ते त्याच्या नावावर खपवणे याला आम्ही खोटेपणाच म्हणू.

कायदा इथे अर्धाच उपयोगी पडतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो; पण तो बहुतेक वेळा कंपनीकडे असतो. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या कृत्रिम नकलेला मनाई केली. पण ते हयात आहेत, स्वतः दाद मागू शकले. उलट, सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा स्वरूपाचे व्यक्तिगत हक्क माणसाबरोबरच संपतात, अशी भूमिका घेतली. म्हणजे ज्याला बोलता येत नाही, त्याचेच संरक्षण सर्वांत कमी.

मग आपण कुठे पाहायचे? संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्या वादात आम्ही शिरत नाही. हा प्रश्न नात आणि कव्वालीलाही तितकाच लागू आहे. हदीस स्वीकारण्यापूर्वी ‘हे कुणी कुणाकडून ऐकले’ याची सनद तपासण्याची शिस्त आपल्या मोहद्दिसांनी उभी केली. गाण्याची तिच्याशी बरोबरी होऊच शकत नाही. पण जे एखाद्याने म्हटले नाही ते त्याच्या नावावर घालू नये, हा धडा तर आपल्याला घरातच मिळाला आहे. मरहूम माणूस खुलासा करू शकत नाही, म्हणून त्याच्याबाबत ही जबाबदारी अधिक मोठी.

पैशाचा हिशेबही साफ हवा. मरहूमाच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत आणि उरलेल्यात वारसांचे हिस्से, हे आपण जाणतो. गाण्याचे जे उत्पन्न वारसांकडे येते, तेही या हिशेबाबाहेर राहू नये. थोरल्या मुलाने कंपनीच्या कागदावर एकट्याने सही केली आणि आईला, बहिणींना विचारलेच नाही, तर बाहेरून कायदेशीर दिसणारा तो करार घरात नाइन्साफीच ठरतो.

हा प्रश्न फक्त प्रसिद्ध गायकांचा नाही. मोहल्ल्यात नात पढणाऱ्या चाचांची, लग्नात गाणी म्हणणाऱ्या खालाजानची, अब्बांच्या तिलावतीची रेकॉर्डिंग आज आपल्या मोबाइलमध्ये आहेत. ती पुढे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारूया. हे त्यांनी स्वतः म्हटले आहे का? लोकांनी ऐकावे असे त्यांना वाटत होते का? सगळ्या वारसांना हे ठाऊक आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर बोट मागे घ्यावे.

आणि जे हयात आहेत त्यांना आजच विचारावे. घर, जमीन, दागिने यांबद्दल आपण लिहून ठेवतो. ‘माझ्या आवाजाचे काय करावे, काय करू नये’ या दोन ओळीही त्यात असाव्यात. मरहूमांसाठी आपण मगफिरतीची दुआ करतो. त्यांच्या तोंडी न बोललेले शब्द घालू नयेत, एवढी काळजीही आपण घेऊया.