सरबतापासून सॉर्बेपर्यंत

उन्हाळ्याच्या दुपारीं लहानशा पेल्यांतून पुढें येणारें लिंबाचें किंवा तुतीचें गोठलेलें सरबत हा युरोपांतील मेजवान्यांचा जुना विशेष होय. इटलींत त्यास ‘सॉर्बेत्तो’ व फ्रान्समध्यें ‘सॉर्बे’ म्हणतात. हीं नांवें ऐकून मराठी माणसास आपल्या सरबताची आठवण व्हावी हें योग्यच आहे. कारण या सर्वांचें मूळ ‘पिणें’ या अर्थाच्या एकाच अरबी धातूंत आहे.

परंतु पेयाचें खाद्य कसें झालें, याविषयीं दंतकथाच फार. मार्को पोलोनें ही कृति चीनहून आणली, कॅथरिन द मेदिचीनें ती फ्रान्सला नेली, असें सांगतात; पण त्यास समकालीन आधार नाहीं. खरें श्रेय मिठाचें व सोऱ्याचें आहे. बर्फांत मीठ मिसळलें कीं बर्फ वितळूं लागतो आणि त्यासाठीं लागणारी उष्णता शेजारच्या भांड्यांतून ओढून घेतो. तीन भाग बर्फास एक भाग मीठ घेतल्यास मिश्रणाचें उष्णमान शून्याखालीं सुमारें २१ अंशांपर्यंत उतरूं शकतें. नेपल्सच्या देल्ला पोर्तानें १५८९ च्या ग्रंथांत बर्फ व सोरा यांच्या योगें मद्य गोठविण्याची रीत दिली. पुढें १६९४ सालीं त्याच शहरीं छापलेल्या आन्तोनियो लातीनीच्या पाकग्रंथांत सॉर्बेत्तोच्या कृति आल्या.

या पदार्थाची सारी खुबी साखरेंत आहे. साखर कमी पडली तर दगडासारखा गोळा होतो. फार झाली तर तो गोठतच नाहीं. योग्य प्रमाणांत ती थोडा पाक पातळच ठेवते, आणि सतत ढवळल्यानें स्फटिक बारीक राहतात. थंडीनें जिभेस गोडी कमी जाणवते. म्हणून गोठविण्यापूर्वीं रस किंचित् अधिक गोड लागला पाहिजे.

एके काळीं हें सुख श्रीमंतांचेंच होतें. कारण डोंगरावरील बर्फ हिवाळ्यांत खड्ड्यांत सांठवून उन्हाळ्यांत शहरापर्यंत आणावा लागे. १८४३ सालीं अमेरिकेंत नॅन्सी जॉन्सन या स्त्रीनें हातानें फिरवावयाच्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि हें काम घरोघरीं होण्याजोगें झालें. महाराष्ट्रांतील अनेक घरांत लांकडी बादलींत बर्फ व खडेमीठ भरून आंब्याच्या आइसक्रीमचा पॉट फिरविला गेला, तोही याच तत्त्वावर. सिसिलींत मात्र याच जातीचा ‘ग्रानिता’ उन्हाळ्यांत सकाळींच गोड पावाबरोबर खातात. लिंबाच्या आंबटपणानें जीभ जागी होते, बर्फाचे कण विरघळतात, आणि शेवटीं उरतो तो निव्वळ फळाचा स्वाद.