रक्ताची काच कशी वाचतात?

पावसाळा लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या लॅबमध्ये सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीसाठी, गर्दी वाढते. रिपोर्ट हातात आला की डेंग्यूच्या धास्तीने नजर पहिली प्लेटलेट्सवर जाते. तो आकडा मशीनचा असतो. तो शंकास्पद वाटला, की रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हा जुना मार्ग आजही सुटलेला नाही. या तपासणीला स्मिअर म्हणतात.

सुरुवात जांभळ्या टोपणाच्या नळीपासून होते. तिच्यात ईडीटीए नावाचे, रक्त गोठू न देणारे रसायन असते. रक्त भरल्याबरोबर नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करावी लागते. यात आळस झाला तर बारीक गुठळ्या होतात, त्यांत प्लेटलेट्स अडकतात आणि आकडा खोटाच खाली येतो.

काही मोजक्या लोकांत तर ईडीटीएमुळेच प्लेटलेट्सचे पुंजके होतात. मशीनला ते पुंजके प्लेटलेट्स म्हणून ओळखता येत नाहीत. माणूस ठणठणीत आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स चाळीस हजार, असे दिसले तर घाबरण्याआधी ‘स्मिअर पाहिला का?’ एवढे विचारावे. पुंजके दिसले तर सायट्रेट हे दुसरे रसायन असलेल्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजतात.

वेळही महत्त्वाची. रक्त बदलापूरला घेतले आणि काच संध्याकाळी दुसऱ्या शहरात बनली, तर तोवर पेशींचा आकार बिघडू लागतो. रक्त घेतल्यावर दोन-तीन तासांत काच तयार व्हावी.

आता काच. स्वच्छ स्लाइडच्या एका टोकाशी छोटा थेंब ठेवतात. दुसरी काच तिरकी, साधारण ३० ते ४५ अंशांत धरून थेंबाला टेकवतात आणि एका दमात पुढे सरकवतात. थर डोक्याशी जाड आणि शेपटीकडे विरळ होत जातो. वाचायची जागा शेपटीच्या थोडी अलीकडे, जिथे पेशी एकमेकींना जेमतेम चिकटतात. जाड भागात पेशी एकमेकींवर चढतात, अगदी टोकाला त्या चपट्या होतात. दोन्हीकडे चुकीचा निष्कर्ष निघतो.

मग काच वाळवतात आणि बहुधा लीशमन रंगाने रंगवतात. हा रंग मिथेनॉलमध्ये विरघळवलेला असतो. मिथेनॉलने पेशी काचेवर पक्क्या होतात आणि मग साधारण ६.८ पीएचचे, आम्लता ठरावीक ठेवलेले, पाणी घातल्यावर रंग चढतो. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मिथेनॉल ओलावा ओढून घेते आणि तांबड्या पेशींत चकाकणारी भोके दिसू लागतात. ते आजाराचे लक्षण नव्हे, ओल्या हवेचा प्रताप. नळाचे पाणी वापरले तर काच कधी फार निळी, कधी फार लाल येते. रंगाची बाटली घट्ट बंद ठेवणारा तंत्रज्ञ निम्मी लढाई तिथेच जिंकतो.

आता हजारपट मोठे करून बघूया. बहुतेक जागा तांबड्या पेशींची. प्रत्येक पेशी सात-आठ मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केंद्रक नसलेली, मधोमध बोटाने दाबलेल्या पेढ्यासारखी. म्हणून मध्यभाग फिकट दिसतो. पांढऱ्या पेशी तुरळक, पण त्यांचे जांभळे केंद्रक लगेच डोळ्यांत भरते. प्लेटलेट्स म्हणजे दोन-तीन मायक्रॉनचे जांभळट ठिपके. एका दृश्यात सरासरी जितके ठिपके, त्याला पंधरा ते वीस हजारांनी गुणले, की दर घनमिलिमीटरला अंदाजे संख्या मिळते. दहा ठिपके दिसत असतील तर दीड-दोन लाख आहेत; मशीन काहीही म्हणो.

उल्हासनगरात मात्र तांबड्या पेशींकडे जास्त वेळ बघावे, असे माझे मत आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून हे शहर उभे राहिले, १९४९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. पत्त्यांत कॅम्प नंबर अजून आहेतच. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचे वाहक तुलनेने जास्त आढळतात. वाहक म्हणजे ज्याच्यात हिमोग्लोबिनचे एक सदोष जनुक आहे, पण जो स्वतः सहसा आजारी नसतो.

वाहकाच्या काचेवर पेशी लहान आणि फिकट दिसतात, काहींच्या मध्यभागी नेमबाजीच्या चकतीसारखा ठिपका असतो. पण लोहाच्या कमतरतेतही पेशी लहान आणि फिकटच. नेमका इथेच घोटाळा होतो आणि वाहकाला लोहाच्या गोळ्या महिनोनमहिने दिल्या जातात.

एक सोपा हिशेब रिपोर्टवरच करता येतो. एमसीव्ही, म्हणजे पेशीचे सरासरी आकारमान, भागिले तांबड्या पेशींची दशलक्षांतली संख्या. ६२ भागिले ५.९ म्हणजे साडेदहा. १३ च्या खाली आले की थॅलेसेमियाचा संशय. ६२ भागिले ४ म्हणजे साडेपंधरा. इथे लोहाची कमतरता अधिक संभवते. हा फक्त इशारा आहे. निदान एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीने होते, त्यात ए-टू हा प्रकार वाढलेला असतो. लोह फार कमी असेल तर ए-टूही कमी दिसू शकतो, म्हणून लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन तपासणी सोबत करावी.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के असते आणि अशा मुलाला नियमित रक्त चढवावे लागते. तेव्हा लग्न ठरण्याआधी, निदान गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत तरी, आपण एचपीएलसी करून घ्या.