कपडा अंगाचा की स्वतःचा?

संगणकावर घडवलेल्या माणसाला चेहरा देणे एक वेळ परवडले, पण त्याला सदरा घालणे कठीण. १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’चे नायक खेळणी होती. खेळण्याचे कपडे अंगाबरोबरच वाकतात, हे कोणालाही खटकत नाही. माणसाचे तसे नसते.

या कामाला दोन वाटा आहेत. पहिली बसवलेल्या कपड्याची. आकृतीच्या आत हाडांचा सांगाडा असतो. कपडा त्याच सांगाड्याला बांधून टाकायचा. कोपर वाकले की बाही वाकते. काम झटपट, खर्च बेताचा. घट्ट चोळी किंवा कडक गणवेश यांना ही वाट उत्तम. पण घोळदार परकर नेसलेली मुलगी खाली बसली, की दोन गुडघ्यांमध्ये परकर रबरासारखा ताणला जातो.

दुसरी वाट मोकळ्या कपड्याची. इथे कापड म्हणजे असंख्य बिंदूंची जाळी. बिंदूबिंदूंमध्ये जणू स्प्रिंगा. कापड किती लोंबते, कुठे दुमडते, अंगाला कुठे अडते, याचे गणित सेकंदाला चोवीस चित्रे या हिशेबाने मांडायचे. पिक्सारच्या १९९७ च्या ‘गेरीज गेम’मध्ये बागेत स्वतःशीच बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्याचे जाकीट असेच हलले. या लघुपटाला ऑस्करही मिळाले. १९९८ मध्ये डेव्हिड बराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी हे गणित मोठी पावले टाकत, तरीही न कोलमडता, करण्याची रीत प्रसिद्ध केली. २००१ च्या ‘मॉन्स्टर्स, इन्क.’मधल्या चिमुरड्या बूचा सैल टी-शर्ट याच वाटेने आला.

मात्र मोकळा कपडा मोकाटही सुटतो. काखेत कापड चिमटले, की ते कोणत्या बाजूला ढकलावे हे गणिताला उमगत नाही आणि गुंता होतो. तो सोडवण्यासाठी बराफ, विटकिन आणि मायकेल कास यांना २००३ मध्ये स्वतंत्र निबंध लिहावा लागला.

मग निवड कशी करावी? आपली नऊवारीच पाहा. हल्ली शिवलेली नऊवारी मिळते. चटकन चढते, सुटायची भीती नाही. नाचणाऱ्या मुलीला ती सोयीचीच. पण नेसलेल्या लुगड्यात बाईचे वागणे मिसळलेले असते. ओचा खोचला म्हणजे काम निघाले. पदर डोक्यावर ओढला म्हणजे कोणीतरी वडीलधारे आले. पदराचे टोक डोळ्यांना लागले, तर काय झाले ते सांगावे लागत नाही. संगणकावरच्या बाईचा कासोटा खुशाल बांधून टाकावा, पदर मात्र मोकळा ठेवावा. जिथे कापड नुसते अंग झाकते तिथे ते बसवावे; जिथे ते मनातले बोलते तिथे गणिताचा खर्च सोसावा.

ज्याला आपले कपडे कधी सावरावेच लागत नाहीत, तो माणूस कितीही रेखीव असला तरी आपल्याला आपला वाटत नाही.