आधी उंची, मग तिकीट

पुण्याहून लहान मुलांना घेऊन इमॅजिकाला जायचे, तर आखणीची सुरुवात मुलाची उंची मोजण्यापासून करावी. खोपोलीजवळचे हे थीम पार्क २०१३ साली सुरू झाले. तिथल्या ‘नायट्रो’सारख्या मोठ्या रोलर कोस्टरवर ठरावीक उंचीशिवाय बसू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. अंगावर येणारा सुरक्षा-दांडा मोठ्या शरीराच्या मापाने घडवलेला असतो. लहान मूल त्यातून निसटू शकते. राइडनिहाय अटी घरीच तपासल्या, तर रांगेच्या टोकाशी होणारी रडारड टळते.

यावर हमखास आक्षेप येतो: एवढे पैसे मोजायचे, तर सगळे वसूल नको का करायला? पण तिकिटाचे पैसे गेलेलेच असतात. दमलेल्या मुलाला आणखी चार राइडवर ओढल्याने ते परत येत नाहीत. चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप लागते, त्यात घाटातली वळणे मळमळ आणतात आणि मे महिन्यात घाटाखालचा दमट उकाडा पुणेकर मुलांना सोसत नाही. हिवाळ्यातला, शक्यतो आडवारचा दिवस निवडावा. शनिवार-रविवारी द्रुतगती मार्गावर घाटात कोंडी ठरलेली. मोठ्या भावंडाची हौस अडवायचे कारण नाही, आईबाबांनी आळीपाळीने त्याच्यासोबत जावे. आणि धाकटे अजून तीनच्या आत असेल, तर सारसबागेशेजारी पेशवे उद्यानात १९५६ पासूनची ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी आहेच. तिच्या एका फेरीत त्या वयाचे मूल मनापासून रमते.