रिमोटवरचा सेंच्युरियन बनवताय? आधी १८-१९ चा पाना आठवा

बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर १९७१ रोजी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या रणगाड्यात शहीद झाले, तो 'फामागुस्ता' आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. पूना हॉर्सचा हा सेंच्युरियन जातीचा रणगाडा. खेत्रपाल तेव्हा अवघे २१ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्यामुळं नगरकडच्या कुणी रिमोटवर चालणारा मोठा रणगाडा घरी बनवायचं मनावर घेतलं, तर त्यानं सेंच्युरियन निवडावा हे ओघानंच आलं.

मोठ्या मॉडेलसाठी एकास सहा हे माप चालतं. खरा सेंच्युरियन सुमारे ३.३९ मीटर रुंद, आणि तोफेची नळी सोडून अंगानं ७.६ मीटरच्या आसपास लांब. सहानं भागलं की साडेछप्पन्न सेंटिमीटर रुंदी आणि सव्वा मीटरच्या वर लांबी येते. म्हणजे घरातली छोटी बाजच. वजनाचा हिशोब मात्र सहानं होत नाही, सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे २१६ नं होतो. खरा रणगाडा ५० टनांचा, तर मॉडेल २३० किलोचं व्हायला पाहिजे. तेवढं कुणी करत नाही आणि करूही नये, मोटारी जळतील.

ढाचा, मोटारी, पट्टे हे काम फॅब्रिकेशनवाल्याच्या मदतीनं उरकतं. खरी कसोटी लागते ती बारीकसारीक तपशिलात. इथंच बहुतेकांचं मॉडेल खेळण्यासारखं दिसायला लागतं, कारण हाताला येईल तो नटबोल्ट लावला जातो. शेतकऱ्याच्या घरात १८-१९ चा पाना असतोच. १९ चा पाना लागणारा बोल्ट सहापट लहान केला तर त्याचं डोकं ३.२ मिलिमीटरचं होतं. बाजारात मिळणाऱ्या १.६ मिलिमीटरच्या स्क्रूचा नट नेमका तेवढाच असतो. २ मिलिमीटरच्या स्क्रूचा नट ४ मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्याच्या २४ च्या पान्याचा. नुसता नट चिकटवला तरी बोल्ट दिसतो. तीनचा स्क्रू लावला की खऱ्या मापात ३३ चा पाना झाला, तो सगळीकडं कसा शोभेल?

बाकी सामान तालुक्याच्या गावात मिळतं. सायकलचा स्पोक साधारण २ मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या मापात १२ मिलिमीटरची सळई. चढायच्या कड्या आणि मुठी त्याच्याच वळवाव्यात. ओढायचा तारेचा दोर करायला लोक मोटारसायकलच्या क्लचची एक वायर लावतात, ती फारच बारीक दिसते. दोन मिलिमीटरच्या तीन वायरी एकत्र पिळल्या की जाडी सव्वाचारच्या आसपास येते, म्हणजे इंचभर जाड दोर. बाजूनं पट्ट्यांवर झाकलेले पत्रे २० गेजचे कापावेत. चिलखत फोडणारं रॉकेट अंगावर आदळायच्या आधीच फुटावं म्हणून हे पत्रे असतात. ते अगदी सरळ, कोरे ठेवू नयेत. झाडाझुडपाला घासून खऱ्या गाडीचा पत्रा वाकतोच, ट्रॉलीचा फाळका बघा.

वेल्डिंगच्या रेघेसाठी एम-सीलचा दोऱ्यासारखा बारीक वळ करून सांध्यात ठेवायचा आणि ओला असतानाच चाकूच्या बोथट टोकानं चंद्रकोरीसारखे दाब देत जायचं. सेंच्युरियनचं खालचं अंग लाटलेल्या पोलादी प्लेटा वेल्ड करून केलेलं, म्हणून तिथं पृष्ठभाग गुळगुळीत. वर फिरणारा टरेट मात्र ओतीव, त्याचं छप्पर तेवढं वेल्ड केलेलं. ओतीव भागाची खरखर यावी म्हणून गाडी रंगवणारे वापरतात ती लांबी पातळ करून लावायची आणि जुन्या टूथब्रशनं टोचत राहायचं. अनेक जण अख्ख्या रणगाड्याला खरखर देतात, ते चूक. नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलेले लोक तोफेपाशी फोटो काढून परततात. बनवणाऱ्यानं तिथं ओतीव आणि प्लेटीचा फरक जवळून बघावा.

इंटरनेटवरच्या फोटोंची मात्र फसगत आहे. सेंच्युरियनचे बरेचसे फोटो इस्रायली गाड्यांचे असतात. त्यांनी पुढं डिझेल इंजिन बसवलं, त्यामुळं मागचा भाग उंच झाला. तोफेच्या नळीवरचा फुगवटाही सगळ्या सेंच्युरियनांवर नसतो. फामागुस्ताच करायचा असेल तर फामागुस्ताचेच फोटो गोळा करावे लागतील. नावाला जागायचं तर एवढं करणं भाग आहे.

मॉडेल चालवायचं आहे हे विसरून चालत नाही. फेविक्विकनं चिकटवलेली मूठ पहिल्याच बांधावर निघते. त्यापेक्षा २ मिलिमीटरचं भोक पाडून स्पोक आरपार घालावा आणि आतून अराल्डाइट भरावं. बाजूचे पत्रे स्क्रूवर ठेवावेत, पट्टा उतरला की ते काढावेच लागतात. मागच्या भागावर पेटी किंवा कडी बसवताना टरेट हातानं पूर्ण फिरवून बघावा, नाहीतर तोफेची नळी अडते आणि फिरवणारी मोटार बसते.

इंजिनावरच्या जाळ्या नुसत्या रंगवून दाखवणं सोपं, पण त्या खरोखर उघड्या ठेवाव्यात. आतल्या मोटारी आणि कंट्रोलर तापतात. उन्हाळ्यात बंद पेटीत अर्धा तास चालवलं तर महागडा कंट्रोलर हातचा जातो. बॅटरी चार्जिंगला बाहेर काढता येईल असं झाकणही आधीच ठेवावं, रंग दिल्यावर कापाकापी नको.

शेवटी चिखल. आपली काळी माती हाताशी असते म्हणून तीच थापली जाते, पण बसंतर पंजाबच्या गाळाच्या मैदानी भागात आहे. तिथली माती फिकी, करडी-तपकिरी. चाकांच्या खोबणीत ती जाड लावावी, वरच्या भागावर नुसती धूळ पुरे.