पडद्यावरचा मुलूख आणि दोन बाजूंची खतावणी

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या दिवशी धानोऱ्याच्या शिवारातील एकही बांध हलला नाही, एकही विहीर जागची सरकली नाही. बदलले ते सरकारी कागदावरील जिल्ह्याचे नाव. जिल्ह्याच्या उत्तरेस नर्मदाकाठी मात्र याच्या उलट घडले. सरदार सरोवर प्रकल्पात अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बुडीत क्षेत्रात आली. मणिबेलीसारखी नावे माणसांच्या तोंडी राहिली. ज्या जमिनीला ती नावे होती, ती पाण्याखाली गेली.

मुलूख बदलणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याला असे दोन्ही अंगांनी ठाऊक आहे. आज घराघरांतील तरुण मुले संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर ज्या प्रदेशांत तासन् तास वावरतात, तेथेही मुलूख बदलतात, गावे नाहीशी होतात आणि युद्धे पेटतात. वडीलधाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, आणि पुष्कळदा तो असतोही. परंतु खेळून उठलेला मुलगा ‘आमचे जुने गाव आता राहिले नाही’ असे म्हणतो, किंवा दिलेली कामगिरी फत्ते करूनही खिन्न दिसतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालले आहे हे जाणून घेतल्यावाचून केलेला उपदेश फुकट जातो. त्यासाठी एका जगप्रसिद्ध खेळाचे उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल.

दोन पक्षांचे एक जग

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ अमेरिकेतील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या कंपनीने २३ नोव्हेंबर २००४ रोजी बाजारात आणला. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच्या वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर पोहोचल्याचे कंपनीने जाहीर केले. मासिक वर्गणी भरून खेळावयाच्या या खेळात अझेरॉथ नावाचे एक विस्तीर्ण काल्पनिक जग आहे. हजारो माणसे एकाच वेळी तेथे वावरतात, आणि एखादा खेळाडू संगणक बंद करून झोपी गेला तरी ते जग चालूच राहते.

या जगात ‘अलायन्स’ आणि ‘हॉर्ड’ असे दोन पक्ष आहेत. आपले पात्र घडविताना, म्हणजे अगदी आरंभीच, खेळाडूला एक पक्ष पत्करावा लागतो. पुढे जागोजागी त्याला ‘क्वेस्ट’, म्हणजे नेमून दिलेल्या कामगिऱ्या मिळतात. त्या पार पाडल्या की मोबदला आणि बढती मिळते. या रचनेतील एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. विरुद्ध पक्षाचा खेळाडू जवळ येऊन काही बोलला, तर त्याचे शब्द पडद्यावर निरर्थक अक्षरांच्या रूपात उमटतात. समोर खेळणारा कदाचित शेजारच्याच गल्लीतील असेल. परंतु त्याचे म्हणणे कळणार नाही, अशी व्यवस्था मुद्दामच केलेली आहे.

एका रात्रीत पालटलेला नकाशा

बरोबर सहा वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०१० रोजी, कंपनीने या जगाचे दोन जुने खंड नव्याने घडवून खेळाडूंपुढे ठेवले. ७ डिसेंबर २०१० रोजी ‘कॅटॅक्लिझम’ हा नवा भाग विक्रीस आला, त्याची ही पूर्वतयारी होती. कथेतील कारण असे की, डेथविंग नावाचा महाकाय ड्रॅगन भूगर्भातून बाहेर पडला आणि पृथ्वी दुभंगली. ‘बॅरन्स’ हे विस्तीर्ण कोरडे माळरान मधोमध चिरले जाऊन त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. ‘थाउजंड नीडल्स’ या उंच सुळक्यांच्या रुक्ष दरीत समुद्राचे पाणी शिरले आणि जेथे पायी चालावे लागे, तेथे नाव चालवावी लागू लागली. ऑबरडीन हे किनाऱ्यावरील गाव उद्ध्वस्त झाले.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर ही सुधारणाच होती. पूर्वीच्या कामगिऱ्या विस्कळीत होत्या. एक वस्तू पोहोचविण्यासाठी अर्धे खंड तुडवावे लागे. नव्या रचनेत कामे एकामागोमाग एक, सुसंगत कथेच्या ओघात मिळू लागली. जुन्या खंडांवरून उडत जाण्याची सोयही झाली. तरीही पुष्कळ जुन्या खेळाडूंना काही तरी हरपल्यासारखे वाटले. ते का?

व्यापारी घरातील माणसाला याचे उत्तर शोधण्यास लांब जावे लागणार नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारात वर्षानुवर्षे मुरलेल्या आडत्याला कोणता माल कोठे उतरतो, कोणाशी कोणत्या वेळी बोलावे, हे विचारावे लागत नाही. उद्या तो बाजार एका रात्रीत प्रशस्त, स्वच्छ आणि नव्या आखणीचा झाला, तर सोय वाढेल. पण त्या माणसाचे न दिसणारे भांडवल, म्हणजे वाटांची ओळख, शून्यावर येईल. खेळाडूचेही तसेच झाले. कोणत्या टेकडीआड शत्रू दबा धरतो, कोणत्या वळणावर पहिल्यांदा एका अनोळखी सोबत्याने प्राण वाचविले, हे सारे त्या भूमीशी जोडलेले होते. लांबच्या लांब पायपिटीचा त्या वेळी कंटाळा आला असेल. परंतु त्या पायपिटीतच ओळखी झाल्या होत्या. वाट सोपी झाली आणि वाटेत थांबण्याचे निमित्तही संपले.

नव्या रचनेत आणखी एक गोष्ट घडली. खेळाडूने जेवढ्या कामगिऱ्या पूर्ण केल्या असतील, त्याप्रमाणे त्याला तो प्रदेश वेगळा दिसू लागला. एकाला गाव जळालेले दिसे, तर दुसऱ्याला ते अजून उभे दिसे. कथा परिणामकारक झाली खरी; पण एकाच ठिकाणी उभे असलेले दोन मित्र कित्येकदा एकमेकांना दिसेनासे झाले.

जुन्या जगाची मागणी इतकी टिकून राहिली की, ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने ‘क्लासिक’ या नावाने मूळचे अझेरॉथ पुन्हा खुले केले. खेळाडू परतले. वाटा जुन्या होत्या. मात्र पहिल्या वेळचे कुतूहल परत मिळण्यासारखे नव्हते. सध्याच्या खेळातील काही प्रदेशांत झिडोर्मी नावाचे एक पात्र उभे असते. तिच्याशी बोलल्यास ती त्या प्रदेशाचे पूर्वीचे रूप दाखविते आणि सांगितल्यास पुन्हा वर्तमानात आणून सोडते. नर्मदाकाठी अशी कोणी झिडोर्मी उभी नाही. खेळातील हानी आणि खरी हानी यांतील अंतर मुलांना सांगावयाचे असेल, तर याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

एक घटना, दोन वह्या

नव्या मुलखाबरोबर दोन पक्षांतील युद्धही तीव्र झाले. दक्षिण बॅरन्समधील कॅम्प टॉराजो ही हॉर्डच्या बाजूची वस्ती होती. अलायन्सच्या फौजेने ती जाळून टाकली. हॉर्डच्या खेळाडूला तेथे भग्न वस्ती आणि निर्वासित दिसतात, आणि पुढे त्याच्यावर हल्ल्याचा सेनापती जनरल हॉथॉर्न याला ठार मारण्याची कामगिरी सोपविली जाते. त्याच्या वहीत ही न्याय्य वसुली आहे. अलायन्सच्या बाजूने खेळणाऱ्यास मात्र कळते की, याच हॉथॉर्नने सामान्य रहिवाशांना निसटता यावे म्हणून आपल्या फौजेच्या वेढ्यात मुद्दाम मोकळी जागा ठेवविली होती. त्याच्या वहीत एक संयमी सेनापती मारला गेला आहे. पळालेल्यांपैकी कित्येक वाटेत वन्य टोळ्यांच्या तावडीत सापडून मेले, ही नोंद मात्र दोन्ही वह्यांना अस्वस्थ करणारी आहे.

जमाखर्चाचा पहिला धडा असा की, एकाच्या खात्यात जे जमा, ते कोणाच्या तरी खात्यात नावे असतेच. या खेळाची गंमत आणि खोच अशी की, खेळाडूला एका वेळी एकाच बाजूची वही उघडून दिली जाते. दुसरी बाजू पाहावयाची असेल तर विरुद्ध पक्षाचे नवे पात्र घेऊन पहिल्या पायरीपासून चालत यावे लागते. जे ते कष्ट घेतात, त्यांना ताळेबंद दिसतो. इतरांना केवळ आपल्या बाजूची जमा दिसते.

स्टोनटॅलन पर्वतातील कथा याहून बोचरी आहे. हॉर्डचा खेळाडू क्रॉमगार या अधिकाऱ्याच्या हाताखाली एकेक काम पुरे करीत जातो. ती सारी कामे एका महाभयंकर बॉम्बच्या तयारीची होती आणि तो बॉम्ब निरपराधांच्या वनराईवर टाकला जाणार होता, हे त्याला फार उशिरा उमगते. शेवटी हॉर्डचा प्रमुख गॅरोश येऊन या अधिकाऱ्याला युद्धातील सन्मानाची आठवण करून देतो आणि कड्यावरून खाली फेकतो. खेळाडूला वाटते, निदान आपला प्रमुख तरी न्यायी आहे. पण २०१२ मध्ये पुढील भागाच्या तोंडावर हाच गॅरोश थेरामोर हे अलायन्सचे शहर एका बॉम्बने नष्ट करतो. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्यानेच तत्त्व सोडले, हा धक्का कथा लिहिणाऱ्यांनी योजला असो वा नसो, तो खेळाडूला बसला.

९८२ जीव आणि तीन मिनिटे

ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ‘बॅटल फॉर अझेरॉथ’ या भागाच्या आरंभी टेल्ड्रासिल नावाचा, पोटात अख्खे नगर वसविणारा महावृक्ष हॉर्डची प्रमुख सिल्वानस हिच्या आज्ञेने जाळला जातो. अलायन्सच्या खेळाडूला आगीत शिरून ९८२ नागरिकांना वाचविण्याची कामगिरी मिळते. वेळ मात्र अवघी तीन मिनिटे. कितीही चपळाई केली तरी ती संख्या गाठता येत नाही. आकडा डोळ्यांसमोर असतो, हात चालत असतात आणि मिनिटे संपतात. अपयश आधीच लिहून ठेवलेली ही कामगिरी अनेकांच्या मनात घर करून राहिली.

हॉर्डच्या खेळाडूंची अस्वस्थता निराळी होती. महावृक्षापर्यंतची मोहीम त्यांच्याच हातून पार पडली होती. आग लावण्यास त्यांची संमती कोणी विचारली नाही. परंतु खाते त्यांच्याच नावावर पडले. पुढे सिल्वानसच्या बाजूने राहावे की बंडखोर सेनानी सॉरफँगची साथ द्यावी, असा पर्याय त्यांच्यापुढे आला खरा. पण कोणताही निवडला तरी कथेचा शेवट बदलत नव्हता.

येथेच या खेळांतील युद्धाच्या अनुभवाचे मर्म आहे. खेळाडूला कामगिरी स्वीकारण्याची मुभा असते. तिच्या हेतूविषयी वाटाघाट करण्याची नसते. पेढीवर आलेला व्यवहार संशयास्पद वाटला तर व्यापारी हात जोडून नकार देऊ शकतो, आणि ज्या पेढीने असे नकार दिले तिचीच पत पिढ्यान् पिढ्या टिकते. खेळात नकाराचा अर्थ एकच, ती कथा तेथेच सोडून देणे. म्हणून एखादा मुलगा मोबदला मिळूनही अस्वस्थ होऊन उठला, तर ते काळजीचे लक्षण नव्हे. ‘हे काम माझ्या हातून का करविले?’ हा प्रश्न त्याच्या मनाला पडला, याचा अर्थ घरातील संस्कार शाबूत आहेत.

भिंतही पुढे थोडी खाली आली. ३१ मे २०२२ पासून दोन्ही पक्षांच्या खेळाडूंना काही मोहिमा एकत्र करण्याची मुभा कंपनीने दिली. दीड तप परस्परांचे शब्द निरर्थक अक्षरांत वाचणारी माणसे एका तुकडीत उभी राहू लागली.

आपल्या घरात

महाराष्ट्रातील बहुतेक घरांत संगणकापेक्षा मोबाइलवरील खेळ अधिक आहेत. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली; जुलै २०२१ मध्ये त्याची भारतासाठीची आवृत्ती ‘बीजीएमआय’ आली, २०२२ मध्ये तीही थांबली आणि मे २०२३ मध्ये परतली. त्या वेळी १८ वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेवण्यात आली. पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीने ‘इंडस’ हा अशाच धर्तीचा भारतीय खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला. या खेळांचेही नकाशे पालटतात, आणि ओळखीची जागा नाहीशी झाल्याची हुरहूर तेथेही लागते.

पालकांनी येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ हा निराळा विषय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने ते बेकायदा ठरविले आहेत, आणि त्यांत तडजोडीला जागा नाही. कथेचे व युद्धाचे खेळ त्या कायद्याच्या बंदीत येत नाहीत. तेथे वेळेची आणि खर्चाची शिस्त घरानेच घालावयाची असते. मोबाइलमधून परस्पर होणाऱ्या लहानसहान खरेदीचा हिशेब महिन्याच्या शेवटी मुलाकडूनच लिहवून घ्यावा. बेरीज तो स्वतः करील तेव्हा ती त्याला अधिक समजेल.

परंतु शिस्तीच्या आधी संवाद हवा. ‘किती वेळ खेळतोस?’ हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारून पाहावेत: तुझा पक्ष कोणता, आणि हीच लढाई दुसऱ्या पक्षाच्या वहीत कशी लिहिलेली आहे? पहिल्याचे उत्तर झटकन मिळेल. दुसऱ्याला वेळ लागेल, कदाचित तो मुलगा उत्तरासाठी पलीकडच्या बाजूने पुन्हा खेळूनही पाहील. उद्या भागीदाराशी मतभेद होईल, भावाभावांत वाटणीची वेळ येईल, तेव्हा समोरच्याची वही मागून घेऊन वाचण्याची ही सवय त्याच्या कामी येईल.