झाकली मूठ, उघडं गटार

इटलीतली पो नदी समुद्राला मिळण्याआधी लाखोंच्या मोऱ्या-संडासांचं पाणी पोटात घेते. मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेतले एत्तोरे झुक्कातो आणि त्यांचे सहकारी या पाण्यात कोकेन शोधत होते. नदी दिवसाला सुमारे 4 किलो कोकेनचा ऐवज वाहून नेते, असा हिशेब त्यांनी 2005 मध्ये मांडला. 100 मिलिग्रॅमची एक मात्रा धरली, तर रोजच्या 40,000 मात्रा झाल्या. सरकारी पाहणीवरून त्याच 50 लाख वस्तीच्या टापूत महिन्याकाठी निदान 15,000 वेळा कोकेन घेतलं जात असावं, असा अंदाज निघत होता. महिन्याचा आकडा रोजच्यापुढे निम्मासुद्धा भरेना!

सांडपाण्यावरून नशेचा अंदाज घेण्याची ही कल्पना अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतल्या क्रिस्टियन डॉटन यांची, 2001 मधली. रीत तशी हिशेबनिसाची. यकृत कोकेनचं बेन्झॉइलएक्गोनिन करतं, ते लघवीवाटे बाहेर पडतं. मैलापाणी केंद्राच्या तोंडाशी चोवीस तास थोडंथोडं पाणी गोळा करायचं. लिटरमागे सापडतात नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्जांश. त्याला दिवसभरात आलेल्या पाण्याने गुणायचं, शरीरातून किती टक्के बाहेर पडतं ते पाहून मूळ मात्रा काढायची आणि वस्तीने भागायचं. उत्तर येतं दर हजार माणसांमागे मिलिग्रॅममध्ये. दहा जणांनी एकेकदा घेतलं की एकाने दहादा, हे मात्र गटार सांगत नाही. मला यात या पद्धतीचा दोष कमी आणि सभ्यपणा जास्त दिसतो. अर्थात, नमुन्याची हीच बाटली एखाद्या वसतिगृहाच्या किंवा तुरुंगाच्या पाइपाला लावली, तर तो सभ्यपणा संपला.

गटारही फसवू शकतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात 2011 मध्ये एमडीएमए, म्हणजे पार्ट्यांतली 'एक्स्टसी', अचानक भरमसाट सापडलं. अख्खं शहर रात्रभर नाचलं म्हणावं, तर रसायन वेगळंच बोलत होतं. या रेणूची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातासारखी. शरीर त्यातलं एक लवकर मोडतं, म्हणून लघवीत दुसरं जास्त उतरतं. इथे दोन्ही समसमान होती, म्हणजे माल कुणाच्या पोटातून आलाच नव्हता. दोन दिवस आधी तिथे पोलिसांनी चोरटा कारखाना पकडला होता. माल थेट गटारात गेला होता.

युरोपात 2011 मध्ये 19 शहरांनी एकाच आठवड्यात पाणी तपासलं; 2024 मध्ये शहरं 128 झाली. कोकेन आणि एमडीएमए शनिवार-रविवारच्या सुमारास चढतात, हे आता नेहमीचं झालंय.

नशेच्या पदार्थांबद्दलचं आपल्याकडचं 2019 चं राष्ट्रीय सर्वेक्षण 2,00,111 घरांपर्यंत पोचलं. काम प्रचंड, पण आई दारात उभी असताना गांजाबद्दल विचारल्यावर पोरगा काय सांगणार? मग गटाराकडेच का जाऊ नये? अडचण भागाकाराची आहे. निम्मी घरं सेप्टिक टाकीवर आणि उरलेल्यांचं पाणी नाल्यात, तर कशाने भागायचं? मैलापाण्यात पोलिओचा विषाणू शोधायला मात्र हा हिशेब लागत नाही, 'आहे की नाही' एवढं कळलं तरी काम भागतं. त्यासाठी मुंबईतलं मैलापाणी 2001 मध्येच तपासायला घेतलं होतं.